शेवटच्या शेताची पाळी

ज्या घरातला कारभार सुरळीत चालतो, त्या घरात कारभाऱ्याची आठवण कोणासच होत नाही. वाण्याचे देणे वेळेवर जाते, दिवाळीला गड्यांना धोतरजोडा मिळतो, पाहुण्याच्या पानात तूप पडते, आणि यजमान समजतात की हे सर्व आपल्या पुण्याईने चालले आहे. मग एके दिवशी कारभारी तापाने अंथरूण धरतो, आणि कोठीच्या किल्ल्या कोठे असतात एवढे सांगणाराही घरात कोणी उरत नाही. संगणकातील ज्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, तिची स्थिती नेमकी अशीच आहे. तिला कोणी कार्यप्रणाली म्हणतात, कोणी परिचालन प्रणाली म्हणतात. दोन्ही शब्द निर्दोष आहेत. परंतु ते ऐकून कोणाच्याही डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. आम्ही मात्र वर्गात गेली कित्येक वर्षे तिला ‘कारभारी’च म्हणत आलो आहो. हे नाव आम्हांस एका शेतकऱ्याच्या बांधावर सुचले, आणि ते सुचताना आमची थोडी फजितीही झाली. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख आहे.

हा कारभारी करतो तरी काय? संगणकात प्रत्यक्ष आकडेमोड करणारा प्रोसेसर असतो, तात्पुरती टिपणे ठेवण्याची स्मृती असते, कायमचा संग्रह करणारी तबकडी असते, आणि पडदा, कळफलक, छपाईयंत्र अशी बाहेरची मंडळी असते. दुसऱ्या बाजूस काम मागणारे असतात. कोणाला पत्र लिहावयाचे असते, कोणाला हिशेब करावयाचा असतो, कोणाला गाणे ऐकावयाचे असते. साधने मोजकी आणि मागणारे पुष्कळ. कोणी, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने घ्यावे याचा निवाडा करणे, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये हे पाहणे, एवढे या कारभाऱ्याचे मुख्य काम. म्हणजे वरवर पाहता हा विषय यंत्राचा; पण आत डोकावले की तो वाटपाचा आहे, आणि वाटप म्हटले की न्यायान्यायाचा प्रश्न आलाच.

आरंभी हा कारभारी नव्हताच. १९५० च्या सुमारास अमेरिकेत व इंग्लंडात जी थोडी यंत्रे होती, त्यांच्यापाशी नंबर लावून बसावे लागे. ज्याच्या नावे तास लिहिला असेल त्याने तेवढा वेळ यंत्राचे धनी व्हावे. त्याचे गणित अडले की लाखमोलाचे यंत्र स्वस्थ बसून राही. हा अपव्यय न साहून १९५६ मध्ये जनरल मोटर्स व नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन कंपन्यांच्या लोकांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी एक छोटी योजना तयार केली. एक काम संपले की दुसरे आपोआप सुरू व्हावे, मध्ये माणसाने हात लावू नये, एवढाच तिचा हेतू. पुष्कळ जण हीच पहिली कार्यप्रणाली मानतात. भोके पाडलेल्या पत्त्यांची गड्डी खिडकीत द्यावी आणि उत्तरासाठी दुसऱ्या दिवशी यावे, अशी त्या काळची रीत होती. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हे स्वदेशी यंत्र १९६० मध्ये सिद्ध झाले, आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले. देशातील अनेक संस्थांचे गणित त्या एका यंत्राच्या दारात उभे असे.

या व्यवस्थेने यंत्राचा वेळ वाचला, पण माणसाचा गेला. तेव्हा मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कोर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये निराळाच प्रयोग करून दाखविला. यंत्राच्या वेळेचे बारीक बारीक तुकडे करावेत. एक तुकडा याला, एक त्याला, असे फिरत राहावे. आणि हे फिरणे इतके जलद असावे की प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपल्या एकट्याचेच आहे. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या ॲटलास यंत्राने स्मृतीच्या बाबतीत तसलीच करामत केली. थोडी जलद स्मृती आणि पुष्कळ मंद स्मृती यांची अदलाबदल पडद्याआड चालू ठेवून, आपल्यापाशी मोठी जलद स्मृती आहे असा भास त्याने निर्माण केला. थोडक्यात सांगावयाचे तर, तुटपुंज्या शिध्यात मोठी पंगत उठवावयाची, आणि कोणालाही शिधा तुटपुंजा असल्याचा संशय येऊ द्यावयाचा नाही, हे गृहिणीचे कसब या पंडितांनी यंत्राला शिकविले.

या यशाने माणसांच्या मनोरथांना पंख फुटले. १९६५ च्या सुमारास मल्टिक्स नावाच्या एका भव्य प्रणालीचा संकल्प सुटला. तो लांबत चालला तेव्हा बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. त्याच प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन यांनी मग फारसे कोणी वापरीत नसलेल्या पीडीपी-७ या लहान यंत्रावर एक छोटी प्रणाली रचली, आणि डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले. हेच युनिक्स. १९७३ मध्ये ते सी या भाषेत पुन्हा लिहिले गेले, आणि त्यामुळे एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणे त्याला सोपे झाले. राजवाड्याचा बेत फसला आणि त्याच कारागिरांनी अंगणात झोपडी बांधली; राजवाडा आता कोठेच चालू नाही, झोपडीचा वंश मात्र जगभर नांदत आहे. भारतातील बँकांत संगणक येऊ लागले तेव्हा युनिक्सचे प्रस्थ मोठे होते, आणि आमच्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी कारभाऱ्याचे पहिले दर्शन घेतले ते त्याच्याच रूपात.

ते दर्शन आम्हांस १९९० च्या सुमारास पुण्यास घडले. एका दमट खोलीत यंत्र एकच, आणि त्याला जोडलेले पडदे बारा. ‘बारभाईंची शेती, काय लागणार हाती’ ही म्हण आम्ही तेथे रोज म्हणत असू. आमच्यातील एका बुद्धिमान मित्राला मोठमोठी मूळसंख्या शोधण्याचा नाद होता. त्याचे काम सुरू झाले की उरलेल्या अकरा पडद्यांवरील अक्षरे थबकत. एक कळ दाबावी, पाणी पिऊन यावे, आणि मग ते अक्षर उमटलेले पाहावे. आम्ही त्या मित्रावर रागावत असू. कारभाऱ्यावर रागावे असे कोणाच्या मनातही येत नसे, कारण असा कोणी कारभारी आहे हेच आम्हांस तेव्हा उमजले नव्हते.

त्यापूर्वीच जगात दुसरा एक प्रवाह सुरू झाला होता. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने एकेका माणसाच्या मेजावर मावणारा संगणक बाजारात आणला. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट कंपनीने सिॲटलच्या टिम पॅटर्सन यांनी लिहिलेली एक प्रणाली विकत घेऊन डॉस या नावाने पुढे केली. डॉस एका वेळी एकच काम करी. ज्याच्या मळ्यात स्वतःची विहीर, त्याला पाळीचे पाणी कशाला हवे, तसाच हा प्रकार होता. मालक एक, यंत्र एक, काम एक. परंतु विहिरीच्या धन्यालाही लवकरच ऊस, भाजी आणि कडवळ ही तिन्ही एकदम भिजवावीशी वाटू लागली. १९८५ मध्ये विंडोज आले, आणि एकाच पडद्यावर चार खिडक्या उघडल्या. पण आरंभीच्या विंडोजमध्ये एक गोम होती. प्रत्येक कार्यक्रमाने थोडे काम करून आपण होऊन बाजूस व्हावे, अशी तेथे अपेक्षा असे. एखादा दांडगा कार्यक्रम बाजूस झालाच नाही तर बाकीचे सगळे ताटकळत, आणि शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे लागे. १९९५ च्या आवृत्तीपासून, निदान नव्या धर्तीच्या कार्यक्रमांपुरती, ही सौजन्याची भिस्त संपली. वेळ भरली की कारभारीच त्याचा हात धरून उठवू लागला. युनिक्सच्या घराण्यात ही शिस्त पहिल्यापासूनच होती. या फरकाचे खरे मर्म आम्हांस पुस्तकाने सांगितले नाही. ते पुढे एका वेगळ्याच गुरूने सांगितले.

आम्ही अध्यापनासाठी बारामतीस आलो ते १९९६ साली. हे मोरोपंतांचे गाव, कऱ्हेच्या काठचे. पण आजची बारामती ओळखली जाते ती कालव्याने. १८७६ ते ७८ च्या भयंकर दुष्काळाने दख्खन होरपळून निघाल्यावर नीरेच्या डाव्या कालव्याचे काम झाले, आणि १८८५ पासून तो वाहू लागला. भाटघरचे पाणी पुरंदरातून बारामतीस येते व पुढे इंदापूर तालुक्यात जाते. कालवा आला तेव्हा पाणी आपोआप सर्वांना मिळाले असे मात्र झाले नाही. ते कोणास, किती व केव्हा द्यावे याचे निरनिराळे नियम करून पाहावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धती सुचविली, तीही वाटपाचे कोडे सोडविण्यासाठीच. आमच्या घरापासून हा कालवा चालत दहा मिनिटांवर. रोज संध्याकाळी आम्ही त्याच्या काठाने फिरावयास जात होतो, आणि रोज सकाळी वर्गात जाऊन वाटपाचे शास्त्र परदेशी दृष्टांतांनी शिकवीत होतो. दोहोंचा संबंध तेरा वर्षे आमच्या ध्यानात आला नाही.

प्रयोगशाळेत त्या काळी यंत्रे वीस होती आणि विद्यार्थी चाळीस. सकाळी आठ वाजता दार उघडे, आणि आम्ही नियम केला होता की जो पहिला येईल त्याला यंत्र पहिले. या नियमाचा आम्हांस अभिमान होता. त्यात वशिला नाही, जात नाही, नाते नाही. ज्याला शिकण्याची तळमळ असेल तो लवकर येईल, असे आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्याने सांगत असू.

२००९ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी वर्गात ‘स्टार्व्हेशन’ या प्रकरणाचे व्याख्यान चालले होते. स्टार्व्हेशन म्हणजे उपासमार. एखादे काम रांगेत असते, पण त्याच्याहून वजनदार कामे एकामागून एक येत राहतात आणि त्याची पाळी कधी येतच नाही. त्या अवस्थेला हे नाव आहे. आम्ही डायक्स्ट्रा या डच पंडितांच्या १९६५ मधील कोड्यातून निघालेला पाच तत्त्ववेत्त्यांचा प्रसिद्ध दृष्टांत दिला. वाटोळे मेज, पाच जण, पाचच काटे, आणि खाण्यास मात्र प्रत्येकी दोन काटे हवेत! मुले हसली. मग आम्ही पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाणारी एक दंतकथा सांगितली. एमआयटीमधील आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ मध्ये बंद करताना, १९६७ मध्ये दिलेले एक हलक्या दर्जाचे काम रांगेत तसेच पडलेले आढळले म्हणे. सहा वर्षांत त्याची पाळी आली नव्हती. वर्गात आणखी हशा पिकला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा हसला नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, सहा वर्षांत त्या कामानं एकदासुद्धा विचारलं नसेल का, माझी पाळी कधी म्हणून?”

आम्ही उत्तर दिले, “अरे, काम निर्जीव असतं. ते विचारीत नाही.” पुन्हा हशा झाला, आणि तो खाली बसला.

तास संपल्यावर तो आमच्या खोलीत आला. त्याचे गाव इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात. उन्हाळी आवर्तन सुटले होते. दोनतीन दिवसांत पाणी त्यांच्या चारीला यावयाचे होते. वडिलांच्या हाताखाली दारे धरण्यास दुसरे कोणी नव्हते. तेव्हा प्रात्यक्षिकाला येणे होणार नाही, असे त्याने सांगितले. आम्ही विचारले, “पाळी नेमकी ठरवतात कशी?” त्याने आमच्याकडे पाहिले. कालव्याच्या काठी राहणाऱ्या प्राध्यापकाने हे विचारावे याचे त्याला नवल वाटले असावे. त्याने समजावून सांगितले. पाणी हवे असणाऱ्याने सात नंबरचा अर्ज भरावयाचा. अर्जांवरून कार्यक्रम तयार होतो. याला शेजपाळी म्हणतात. आणि शेजपाळीचा मूळ नेम असा की पाणी प्रथम चारीच्या टोकाच्या शेताला द्यावे आणि मग एकेक शेत करीत वर यावे. म्हणजे शेवटचा तो पहिला. आम्ही थक्क झालो. ज्या प्रश्नावर अमेरिकेतील विद्वानांनी ग्रंथ लिहिले, त्याचे एक उत्तर आमच्या फिरावयाच्या वाटेवर वाहत होते! ते प्रत्यक्ष पाहावे म्हणून त्या शनिवारी आम्ही त्याच्या गावी गेलो.

रात्री नऊपासून आम्ही बांधावर घोंगडीवर बसलो होतो. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, आणि बॅटरी घेऊन ते अधूनमधून चारी पाहून येत. कागदावर त्यांची पाळी पहिली होती. पण वरच्या अंगाला कोणी दार मोडून घेई, कोणी रात्रीत बांध फोडी, आणि टेलाकडे येणाऱ्या पाण्याची धार बारीक होत जाई. ते हे सर्व तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. हवामान सांगावे तसे सांगत होते. शेवटी दोनच्या सुमारास चारीत सळसळ झाली. मुलगा खोरे घेऊन अनवाणी धावला. बापलेक अंधारात एका वाफ्याचे दार मोडीत आणि दुसऱ्याचे बांधीत पुढे सरकत होते, आणि तोंडाने एक अक्षर बोलत नव्हते. तांबडे फुटण्यापूर्वीच धार तुटली. उसाचा एक तुकडा भिजला होता. मक्याचा कोरडाच राहिला.

सकाळी आम्ही त्यांना आमच्या शास्त्राची गोष्ट सांगितली. वाट पाहणाऱ्या कामाची उपासमार होऊ नये म्हणून एक उपाय आहे, त्याला ‘एजिंग’ म्हणतात. काम जितका काळ रांगेत थांबेल तितका त्याचा दर्जा वाढवीत न्यावयाचा, म्हणजे कितीही हलके काम असले तरी एक दिवस ते सर्वांच्या पुढे येतेच. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले.

“म्हंजे त्या यंत्राला वाट बघणाऱ्याची दया येती म्हणा की!”

“दया नव्हे,” आम्ही म्हणालो, “तो नियम आहे.”

“मग बरं हाय,” ते म्हणाले. “दया वरच्या अंगालाच मुरती, सर. टेलापतूर पोचायचं तर नेमच पायजे.” मग थोडे थांबून, हसत, कोणताही डंख न ठेवता ते म्हणाले, “आमचं पोरगं म्हणतं, कॉलेजातबी आपण टेललाच हाय. यष्टी सव्वाआठला पोचती. तंवर यंत्रं सगळी भरल्याली असत्यात.”

मुलगा लगबगीने हात धुवावयास निघून गेला. आम्हांस त्या क्षणी जे वाटले ते लिहिणे सोपे नाही. वर्गात हशा पिकला असताना त्याने विचारलेला प्रश्न १९६७ च्या कामाविषयी नव्हता. तो आमच्या प्रयोगशाळेविषयी होता, आणि आम्ही त्याला उत्तर दिले होते की निर्जीव वस्तू विचारीत नसतात. जो पहिला येईल त्याला पहिले, हा नियम दिसावयास किती निर्मळ! पण ज्याचे घर प्रयोगशाळेपासून दहा मिनिटांवर आहे तो पहिला येणार, आणि ज्याची गाडीच सव्वाआठला पोहोचते तो तळमळ कितीही असली तरी शेवटी येणार, हे त्या नियमाला दिसत नव्हते. आम्ही वशिला बंद केला होता. परंतु अंतरालाच वशिला करून ठेवले होते. ज्या विषयाचे आम्ही पंडित म्हणवीत होतो, त्याच विषयातील सर्वांत प्राथमिक चूक आम्ही तेरा वर्षे रोज सकाळी आठ वाजता करीत होतो.

सोमवारी आम्ही एक वही घातली. कोणत्या विद्यार्थ्याला यंत्र किती वेळ मिळाले ते तीत लिहावयाचे, आणि ज्याच्या नावापुढचा आकडा सर्वांत लहान, त्याला यंत्र सर्वांच्या आधी. मग तो आठला येवो की सव्वाआठला. गावातील मुलांनी कुरकुर केली. ते स्वाभाविकच होते. ज्याला आजवर अधिक मिळाले, त्याला न्याय हा नेहमी तोट्यासारखा भासतो. दोन महिन्यांत कुरकुर थांबली, आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे काम सर्वांच्या बरोबरीस आले.

ही वही म्हणजे आपला शोध आहे असे आम्हांस काही दिवस वाटत होते. पुढे वाचनात आले की दोनच वर्षांपूर्वी जगाने तिचा स्वीकार केला होता. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला, आणि तो कोणीही वाचावा व सुधारावा म्हणून खुला ठेवला. त्यातील पाळी लावण्याच्या पद्धतीवर ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हास यांचा आक्षेप होता. हे गृहस्थ संगणकाचे व्यावसायिक नव्हेत. रुग्णांना भूल देणारे डॉक्टर होते. आपल्या साध्या यंत्रावर साधी कामे अडखळतात हे पाहून त्यांनी समान वाटपाची निराळी पद्धत लिहून दाखविली. ती जशीच्या तशी स्वीकारली गेली नाही. पण तिच्या तत्त्वाने प्रेरित होऊन हंगेरीचे इंगो मोल्नार यांनी जी रचना केली, ती २००७ मध्ये लिनक्समध्ये आली. तिचे नावच ‘कम्प्लिटली फेअर शेड्यूलर’, म्हणजे संपूर्ण न्याय्य पाळीवाला. तिचा नियम आमच्या वहीचाच होता. प्रत्येक कामाला आजवर किती वेळ मिळाला याची नोंद ठेवावी, आणि ज्याला सर्वांत कमी मिळाला त्याला पुढची पाळी द्यावी. महत्त्वाच्या कामाचे वजन अधिक धरले जाते, हे खरे. परंतु वजन कितीही कमी असले तरी पाळी चुकत नाही. २०२३ मध्ये त्या रचनेची जागा दुसरीने घेतली. तथापि कोणाचे किती देणे राहिले याचा हिशेब ठेवण्याचे तत्त्व कायम राहिले. पहिल्या येणाऱ्याला पहिले, मग वजनदाराला पहिले, मग ज्याने सौजन्याने जागा सोडावी त्याच्या भरवशावर, आणि अखेर ज्याला कमी मिळाले त्याला पहिले, अशी पन्नास वर्षांची वाट चालून कारभारी ज्या मुक्कामास आला, तेथे शेजपाळीचा मूळ नेम आधीच उभा होता.

कोणी म्हणेल, यंत्राची आणि पाण्याची तुलना किती ताणावी? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. काम रांगेत सहा वर्षे पडून राहिले तरी ते वाळत नाही. मका सहा दिवसांत वाळतो. प्रोसेसर दरसाल अधिक वेगवान होत गेले. भाटघरात पाऊस पडेल तेवढेच पाणी. शिवाय यंत्रातील कारभाऱ्याचा नियम मोडण्यास रात्री कोणी खोरे घेऊन येत नाही. पण एका गोष्टीत तुलना जितकी ताणावी तितकी थोडी आहे. लिनक्सचा पाळीचा नियम ज्याला हवा त्याला वाचता येतो. त्यात आपल्यावर अन्याय होतो असे वाटले तर बोट ठेवून दाखविता येते, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरालाही त्यावर वाद घालता येतो. ज्याला पाळीची वाट पाहावयाची आहे, त्याला पाळीचा नियम आणि पाळीची वही दोन्ही वाचता आली पाहिजेत; नियम चांगला असणे पुरेसे नाही. महाराष्ट्रात २००५ च्या कायद्याने पाण्याचे वाटप शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपविण्याची वाट मोकळी केली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे असे आम्हांस वाटते.

तो मुलगा आता पुण्यास एका कंपनीत नोकरीस आहे. रात्रंदिवस चालणाऱ्या मोठमोठ्या यंत्रांवर देखरेख करणे हे त्याचे काम. म्हणजे तो कारभाऱ्याचाच कारभारी झाला. आम्ही या विषयाचा पहिला तास दर वर्षी कालव्याच्या काठी घेतो. पाच तत्त्ववेत्ते परीक्षेपुरते शिल्लक आहेत.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्याच्या गावी गेलो. वडील आता थकले आहेत. मुलाने दिलेला अँड्रॉइडचा मोबाइल त्यांच्या कोपरीच्या खिशात असतो. त्यावर ते बाजारभाव पाहतात आणि नातवाशी बोलतात. संध्याकाळी बांधावर बसलो असता त्यांनी तो बाहेर काढला आणि विचारले, “सर, हा येवढासा डबा एका टायमाला इतकी कामं करतो. ह्यात पाळी कोण लावतं?”

आम्ही सांगितले की त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि ज्या कामाला सर्वांत कमी मिळाले असेल त्याला तो आधी उठवतो.

“म्हंजे टेलवाल्याचं आधी?”

“होय. टेलवाल्याचं आधी.”

त्यांनी मोबाइल एकदा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि काही न बोलता खिशात घातला. मग ते खोरे घेऊन उठले. रात्री पाणी येणार असल्याची वर्दी होती.